स्क्रीन प्रिंटिंगला फाईल देताय? आधी एवढं करून घ्या

"डिझाईन तयारच आहे, फक्त छापायचंय." हे वाक्य कानावर पडलं की मला कळतं, आजची संध्याकाळ गेली. कारण पाच मिनिटांनी फोनवर येतो एक स्क्रीनशॉट, वर बॅटरी चार टक्के उरलेली दिसतेय, खाली चुकून अंगठा लागून उघडलेला मेनू, आणि मधे ते डिझाईन, ते पण आडवं. आणि हे छापायचंय १२ इंच रुंद, काळ्या कापडावर.

चूक फाईल देणाऱ्यांची पण नाही म्हणा. कागदावर प्रिंट काढायची सवय असते सगळ्यांना, तिथे काहीही द्या, प्रिंटर आपलं आपण बघून घेतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये असं काही होत नाही. फ्रेमवर जाळी ताणलेली असते, तीच स्क्रीन, तिच्यावर इमल्शन (लाईटने कडक होणारा लेप) लावून वाळवतात, मग तुमच्या डिझाईनची फिल्म, म्हणजे पारदर्शक शीटवर काळ्यात काढलेली प्रिंट, तिच्यावर ठेवून लाईट मारतात. लाईट लागलेलं इमल्शन कडक होतं, फिल्मवर जिथे काळं होतं तिथे लाईट पोचत नाही म्हणून तेवढंच पाण्याने धुऊन जातं, आणि त्या मोकळ्या जाळीतून शाई खाली उतरते. बस, एवढंच. म्हणजे स्क्रीनला दोनच गोष्टी समजतात, इथे शाई जाणार आणि इथे नाही जाणार. फिकट निळा, अर्धा पारदर्शक, मऊ सावली वगैरे तिला काही कळत नाही. आणि एका स्क्रीनमधून एकच शाई.

त्यामुळे फाईल करताना डोक्यात एकच प्रश्न ठेवायचा, डिझाईनमधला हा तुकडा कुठल्या स्क्रीनवर जाणार? ज्या तुकड्याचं उत्तर सरळ देता येत नाही तिथे गडबड आहे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नातूनच येतं, नियम पाठ करत बसू नका.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी

छापणाऱ्याला चार गोष्टी विचारा. कापड कुठल्या रंगाचं, जास्तीत जास्त किती रंग घेतील, छपाईची साइज कमाल किती, आणि फाईल कुठल्या फॉरमॅटमध्ये पाहिजे. रंगांच्या प्रश्नात लोक हमखास फसतात. सहा रंगांचं मशीन आहे म्हणून सहा रंगांचं डिझाईन करून आणतात, पण गडद कापडावर सगळ्यात खाली पांढऱ्याचा थर लागतो आणि तो पण एक स्क्रीन खातो, शिवाय तो मधे वाळवायला फ्लॅश, म्हणजे एक हीटर, लागतो आणि बऱ्याच मशीनवर तो पण एक जागा अडवतो. मग तुमचे सहाचे झाले चार. हे आधी कळलेलं बरं, डिझाईन पास झाल्यावर रंग कमी करणं म्हणजे सगळ्यांशी भांडण.

साइज

आर्टबोर्डवर (सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या पानावर) डिझाईन खऱ्या मापाचं ठेवा, एकास एक. "नंतर मोठं करून घ्या" असं लिहू नका, कारण किती मोठं हे तुमच्या डोक्यात एक असतं आणि समोरच्याच्या डोक्यात दुसरं. मोठ्या माणसाच्या टीशर्टवर समोरची छपाई साधारण १० ते १२ इंच रुंद असते, डाव्या छातीवरचा लोगो साडेतीन ते चार इंच. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, साध्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढा, कापा आणि टीशर्टवर ठेवून आरशात बघा. मॉनिटरवर झकास दिसणारा लोगो अंगावर ताटाएवढा दिसतो हे तेव्हाच कळतं.

अजून एक, एकदा स्क्रीन बनली की लहान साइजपासून डबल एक्सएलपर्यंत सगळ्यांवर तीच वापरतात, वेगळी स्क्रीन म्हणजे वेगळा खर्च. तेव्हा ऑर्डरमधल्या सगळ्यात लहान टीशर्टचं माप धरून डिझाईन ठरवा, नाहीतर ते शिलाईवर जाऊन चढतं.

इलस्ट्रेटरमध्ये डिझाईन लहानमोठं करताना प्रेफरन्समध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' चालू आहे का ते बघा. ते बंद असलं की डिझाईन अर्धं होतं पण रेषांची जाडी तेवढीच राहते आणि सगळा गिचका होतो, आणि उलट मोठं केलं की रेषा केसासारख्या.

व्हेक्टर म्हणजे नुसतं एआय एक्स्टेन्शन नाही

हे मला दर आठवड्याला समजवावं लागतं. व्हेक्टर म्हणजे पिक्सेलच्या ऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेलं चित्र, आणि एआय म्हणजे इलस्ट्रेटरची फाईल. पीएनजी उचलून इलस्ट्रेटरमध्ये टाकला आणि एआय म्हणून सेव्ह केला तर आत तो पीएनजीच राहतो, डबा बदलला म्हणून आतला माल बदलत नाही. तपासायला एक सेकंद लागतो. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल वाय दाबा, कोरलमध्ये वायरफ्रेम व्ह्यू, इंकस्केपमध्ये आउटलाइन डिस्प्ले मोड. डिझाईनच्या रेषा रेषा दिसल्या तर व्हेक्टर, नुसता एक चौकोन दिसला तर ती इमेज आहे.

लोगो, अक्षरं, सपाट रंगाची चित्रं, हे सगळं व्हेक्टरमध्येच द्या. मूळ फाईल हरवलीय आणि फक्त छोटा जेपीजी उरलाय अशी केस फार येते. त्यावर इमेज ट्रेस (इमेजवरून आपोआप रेषा काढणारं टूल) मारून मोकळं व्हायचा मोह होतो, पण छोट्या आणि धूसर इमेजवर ट्रेस मारलं की गोल बटाट्यासारखे होतात, सरळ रेषा थरथरतात आणि शेकडो नोड पडतात. अशा वेळी इमेज खालच्या लेयरवर लॉक करून वरून पेन टूलने परत काढलेलं बरं, आणि अक्षरं असतील तर फॉन्ट शोधून परत टाईप करायची. वेळ जातो, पण दहापैकी आठ लोगो पाऊण तासात होतात. ट्रेस चांगला कुठे चालतो? हाताने काळ्या पेनने काढलेलं चित्र ६०० डीपीआयला स्कॅन केलं, लेव्हल्समध्ये काळं एकदम काळं आणि पांढरं एकदम पांढरं केलं आणि मग ट्रेस मारलं, तर झकास येतं. थोड्या ओबडधोबड कडा तिथे शोभून पण दिसतात.

फोटो किंवा ब्रशने रंगवलेलं डिझाईन असेल तर व्हेक्टरचा हट्ट नको, पण मग छपाईच्या मापाला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) पाहिजे. 'छपाईच्या मापाला' हे शब्द महत्त्वाचे. १२ इंच रुंद छापायचं तर १२ गुणिले ३००, म्हणजे ३६०० पिक्सेल रुंदी लागते. तुमच्याकडची इमेज १००० पिक्सेलची असेल तर १२ इंचावर ती पडते जेमतेम ८३ पीपीआय. फोटोशॉपमध्ये इमेज साइजच्या डब्यात ७२ च्या जागी ३०० टाईप केलं म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तिथे सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं, नसलेली बारकाई कुठून आणणार ते. फाईलचं वजन वाढतं फक्त.

अक्षरं

फॉन्ट आउटलाइन करा, म्हणजे कर्व्ह करा. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ, कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इंकस्केपमध्ये कंट्रोल शिफ्ट सी. नाही केलं तर छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसतो, सॉफ्टवेअर दुसराच लावतं आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही. कर्व्ह करायच्या आधी एडिट करता येईल अशी एक कॉपी बाजूला ठेवा, कारण स्पेलिंगची चूक नेमकी कर्व्ह केल्यावरच दिसते, हा निसर्गनियम आहे.

मराठी मजकूर असेल तर जास्त सांभाळा. युनिकोड मजकूर इलस्ट्रेटरमध्ये टाकला आणि जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तर पॅराग्राफ पॅनेलमधून वर्ल्ड रेडी कंपोझर निवडा, बहुतेक वेळा लगेच सुटतं. जुन्या पद्धतीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर दुसऱ्या मशीनवर ते इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं, त्यामुळे तिथे कर्व्ह करण्याला पर्यायच नाही.

आणि एक गंमत, जी आपल्या लिपीत हमखास होते. देवनागरीत शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंबाइन केलं की जिथे चढलेल्या असतात तिथे पांढरी भोकं पडतात, शिरोरेषेवर दर अक्षरानंतर एक बारीक फट. कंबाइन नाही, वेल्ड करायचं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. मी एकदा अख्खं बॅनर असं फटीफटीचं छापलंय, मॉनिटरवर झूम न करता बघितलं म्हणून, आणि ते छापून वाळल्यावर समोरच्याने विचारलं की ही काही स्टाईल आहे का. 'हो' म्हणायची फार इच्छा झाली होती.

रेषांना पण आउटलाइन करा, ऑब्जेक्ट मेनूत एक्स्पांड किंवा आउटलाइन स्ट्रोक. इफेक्ट लावलेले असतील तर आधी एक्स्पांड अपिअरन्स. जे डोळ्याला दिसतं तेच आकार म्हणून फाईलमध्ये पाहिजे, सॉफ्टवेअरने उघडताना हिशोब करून दाखवायचं काही शिल्लक नको.

रंग, इथे सगळ्यात जास्त मार खातात

मॉनिटर आरजीबीत (लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून) दाखवतो, कागदावरचा प्रिंटर सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी शाई मिसळून) छापतो, आणि स्क्रीन प्रिंटिंगवाला यातलं बहुतेक वेळा काहीच करत नाही, तो डब्यातून तयार किंवा मिसळलेली शाई काढतो आणि तीच जाळीवर ओततो. म्हणून फाईलमध्ये स्पॉट कलर लागतात. स्वॉच पॅनेलमध्ये नवीन स्वॉच (रंगाची नोंद) करायचा, कलर टाईपमध्ये प्रोसेसच्या जागी स्पॉट निवडायचं, नाव द्यायचं. एक स्वॉच म्हणजे एक शाई म्हणजे एक स्क्रीन. तो स्वॉच मॉनिटरवर कसा दिसतो याला तसं काही महत्त्व नाही, नाव काय आणि किती स्वॉच आहेत हे महत्त्वाचं.

नेमकी छटा पाहिजे असेल तर पँटोन, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या शेड कार्डावरचा, नंबर द्या. 'जरा डार्क मरून' ला अर्थ नाही, ज्याचा त्याचा मरून वेगळा. नंबरापुढचं सी आणि यू म्हणजे कोटेड आणि अनकोटेड कागदावर ती शाई कशी दिसते ते, शाईचा फॉर्म्युला तोच. पण सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे रंग वाटतात. लोगो एका फाईलमधून आणला १८६ सी, खालचा मजकूर दुसरीकडून आणला १८६ यू, आणि सेपरेशन (प्रत्येक शाईची वेगळी फिल्म) काढलं की लालच्या दोन फिल्म. एकच धरा आणि सगळीकडे तोच ठेवा. २०२२ च्या शेवटी अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून बऱ्याचशा पँटोन लायब्ऱ्या काढून टाकल्या, तेव्हा यादीत नंबर सापडत नसेल तर घाबरू नका, स्वतःचा स्पॉट स्वॉच करा आणि त्याला तो नंबर नाव म्हणून द्या, छापणारा शाई छापील शेड कार्डावरूनच मिळवतो.

काळ्या रंगाचे तीन सापळे आहेत. एक म्हणजे रिच ब्लॅक, सी एम वाय के चारही टाकून केलेला गडद काळा. कागदाला मस्त, पण इथे तो चार फिल्मवर विभागला जातो. दुसरा, आरजीबीतला काळा जो सीएमवायकेत बदलताना परत तसाच चार रंगांचा होतो. तिसरा सगळ्यात गुपचूप, स्वॉच पॅनेलमधला रजिस्ट्रेशन नावाचा स्वॉच. दिसतो अगदी काळा, पण त्याचा अर्थच 'हे प्रत्येक फिल्मवर छाप' असा आहे, तो फक्त फिल्म एकमेकींशी जुळवायच्या खुणांसाठी असतो. त्याने अक्षरं भरली की ती अक्षरं प्रत्येक रंगात येतात, लाल खाली, पिवळं वर, मग काळं.

पांढऱ्याचं पण बघा. काळ्या टीशर्टवरच्या फाईलमध्ये पांढरा दोन प्रकारचा असतो, एक जो छापायचाय आणि एक जो नुसता मागे पडलाय, आर्टबोर्ड पांढरा म्हणून दिसत नाही. मी नवीन असताना एका लोगोच्या मागे असाच पांढरा चौकोन राहिला होता आणि काळ्या टीशर्टवर लोगोऐवजी पांढरं स्टिकर चिकटवल्यासारखं आलं. तेव्हापासून सवय लावून घेतलीय, सगळ्यात खाली कापडाच्या रंगाचा एक लेयर टाकतो, लॉक करतो आणि छपाईतून वगळतो, आणि छापायच्या पांढऱ्याचा स्पॉट स्वॉच फिकट गुलाबी दिसेल असा ठेवतो. मग काय छापलं जाणार आणि काय कापड आहे हे एका नजरेत कळतं.

कापडाचा रंग फुकट मिळतो, तो वापरा. काळ्या टीशर्टवरच्या डिझाईनमध्ये काळा असेल तर ती शाई छापायची गरजच नाही, तेवढा भाग मोकळा सोडा, कापड दिसेल. एक स्क्रीन वाचली, आणि काळ्यावर काळी शाई वेगळी चमकून दिसते ती पण कटकट गेली. तसंच गुलाबी पाहिजे म्हणून वेगळी स्क्रीन लागतेच असं नाही, पांढऱ्या कापडावर लाल ५० टक्के केला तर लालच्याच बारीक ठिपक्यांतून गुलाबी दिसतो. ठिपके जवळून दिसतात, ते चालणार असेल तर.

झालं की खात्री करा. वापरात नसलेले स्वॉच उडवा, मग इलस्ट्रेटरमध्ये सेपरेशन्स प्रिव्ह्यू पॅनेल उघडा, ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यूला टिक करा. हे डॉक्युमेंट सीएमवायके मोडमध्ये असलं तरच चालतं. आता एक एक रंगाचा डोळा बंद करून बघा. चार रंगांचं काम असेल तर स्पॉटची चारच नावं पाहिजेत, आणि सायन मॅजेंटा वगैरे बंद केल्यावर डिझाईनमधून काहीही गायब व्हायला नको. गायब झालं तर तो तुकडा स्पॉटमध्ये नाही. पीडीएफ असेल तर अॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू तेच काम करतं. या एका तपासणीने निम्मे फोन वाचतात असा माझा अनुभव आहे.

किती बारीक चालतं

शाई कापडावर थोडी पसरते, त्यामुळे छापलेली रेष जाड होते आणि मोकळी सोडलेली रेष बारीक होते. छापायची रेष कमीत कमी १ पॉइंट ठेवा, म्हणजे साधारण ०.३५ मिलीमीटर. भरलेल्या रंगातून कापड दिसायला सोडलेली रेष दीड ते दोन पॉइंट, नाहीतर ती बुजते. छोट्या अक्षरात आधी आतल्या पोकळ्या जातात, इंग्रजी ई चं पोट, आपल्याकडे क्ष ची गाठ, ऋकार, आणि अनुस्वार आडव्या मात्रेला जाऊन चिकटतो. म्हणून लहान मजकुराला बारीक शेपट्यांचे फॉन्ट नको आणि अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा. जुनाट, घासलेला लुक देणारं टेक्स्चर टाकत असाल तर त्यातले सुईच्या टोकाएवढे कण काढून टाका, त्यातले अर्धे जाळीवर टिकत नाहीत आणि उरलेले डाग वाटतात.

ट्रॅपिंग आणि खालचा पांढरा

दोन रंग शेजारी शेजारी अगदी काठाला काठ लावून ठेवले तर मॉनिटरवर छान दिसतं, पण कापड हलतं, जाळी ताणली जाते, आणि केसाएवढं सरकलं तरी मधून कापड डोकावतं. म्हणून फिकट रंग गडद रंगाच्या खाली थोडा घुसवतात, अर्धा ते एक पॉइंट, हेच ट्रॅपिंग. पद्धत सोपी आहे, फिकट आकाराला त्याच रंगाची स्ट्रोक द्या, कोपरे गोल ठेवा, अॅट्रिब्यूट्समध्ये ओव्हरप्रिंट स्ट्रोक टिक करा (ओव्हरप्रिंट म्हणजे दुसरा रंग न कापता एकावर एक छापणं). ध्यानात ठेवा की स्ट्रोक अर्धी आत आणि अर्धी बाहेर असते, म्हणजे १ पॉइंटच्या स्ट्रोकने घुसला फक्त अर्धा पॉइंट. काळी बाह्यरेषा असलेल्या कार्टूनसारख्या चित्रात तर अजून सोपं, काळा ओव्हरप्रिंट करा आणि खालचे रंग काळ्या रेषेच्या मधोमधपर्यंत जाऊ द्या, कितीही हललं तरी रेष झाकून घेते.

गडद कापडावर याच्या उलट एक भानगड असते. खालचा पांढरा थर वरच्या रंगाएवढाच ठेवला तर जरा सरकला की लालच्या कडेने पांढरी किनार दिसते. म्हणून पांढरा आत ओढायचा, सगळे रंगीत आकार कॉपी करून युनाइट करायचे, ऑफसेट पाथ वजा अर्धा पॉइंट, आणि त्याला पांढऱ्याचा वेगळा स्पॉट. पण आता हिशोब बघा. तुमची रंगीत रेष १ पॉइंटची आहे आणि दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा पॉइंट पांढरा आत ओढला, तर उरला किती? शून्य. त्या रेषेखाली पांढरा नाहीच, आणि काळ्या कापडावर तो पिवळा चिखलासारखा दिसणार. म्हणून गडद कापडावर रंगीत रेषा दोन पॉइंटच्या खाली नेऊच नका, किंवा ती बारीक रेष सरळ पांढरीच ठेवा.

एवढं सगळं सांगून परत म्हणतो, छापणाऱ्याला विचारा की ट्रॅपिंग आणि पांढरा तुम्ही करून द्यायचा की तो करतो. बरेच जण स्वतः करतात, कारण त्यांना त्यांचं मशीन किती हलतं ते माहीत असतं. दोघांनी केलं तर डबल होतं, आणि अक्षरं जाडजूड होऊन बसतात.

शेड, सावली, फोटो

शाई अर्धी जात नाही, त्यामुळे कुठलीही शेड म्हणजे लहानमोठे ठिपके, हाफटोन. टीशर्टवर साधारण ४५ ते ५५ एलपीआय (इंचाला ठिपक्यांच्या ओळी) धरतात, आणि जाळी त्याच्या चार ते पाच पट बारीक लागते, ४५ एलपीआयला १८० ते २२५ च्या आसपासचा मेश (इंचाला जाळीचे धागे). ठिपक्यांच्या ओळी जाळीच्या धाग्यांशी जुळल्या की लाटालाटांची नक्षी उमटते, म्हणून अँगल २२.५ अंश वगैरे ठेवतात. हे सगळं छापणाऱ्याचं काम, तुम्ही स्वतः हाफटोन करून देऊ नका, शेड साधी गुळगुळीत द्या, कारण एकदा ठिपके पाडून दिले आणि नंतर डिझाईन लहान केलं की ठिपके पण लहान होतात आणि जाळीतून उतरतच नाहीत. तुम्ही एवढंच बघा की शेड एकाच स्पॉटची आहे, १०० टक्क्यांपासून खाली. ५ टक्क्यांच्या खालचे ठिपके सहसा टिकत नाहीत, ९० च्या वरचे भरून सपाट होतात, म्हणजे अगदी हळूच विरणारी कड कापडावर अचानक तुटल्यासारखी दिसते.

ड्रॉप शॅडो आणि ग्लो शक्यतो काढाच. सपाट गडद आकार सावली म्हणून खाली सरकवून ठेवला तर टीशर्टवर तो जास्त खणखणीत दिसतो, आणि मला विचाराल तर निम्मी डिझाईनं ग्लो काढल्यावर सुधारतात.

फोटोसारखं काम असेल तर सेपरेशन स्वतः करायच्या फंदात पडू नका, त्यात हातखंडा लागतो. लेयर असलेली पीएसडी द्या, बॅकग्राउंड पारदर्शक, ३०० पीपीआय, आणि आरजीबीतच राहू द्या, सीएमवायकेत नेऊन रंग मारून टाकू नका. सपाट रंगाचं काम फोटोशॉपमध्ये केलं असेल तर मऊ कडा तपासा, अँटी एलियासिंगचे, म्हणजे कड मऊ दिसावी म्हणून सॉफ्टवेअरने टाकलेले, अर्धपारदर्शक पिक्सेल फिल्मवर ठिपके होतात आणि कड कुरतडल्यासारखी येते.

फिल्म स्वतः काढणार असाल तर

प्रिंटरच्या डब्यातलं 'फिट टू पेज' बंद, १०० टक्के. एका कामाच्या सगळ्या फिल्म एकाच प्रिंटरवर एकाच बैठकीत काढा. वर आणि खाली मधोमध रजिस्ट्रेशनची खूण, तिला मात्र तो रजिस्ट्रेशन स्वॉचच. प्रत्येक फिल्मवर कामाचं आणि रंगाचं नाव लिहा, कारण फिल्मवर लाल पण काळाच असतो आणि पिवळा पण. कापडाला मिरर करायचं नाही, काचेच्या मागून छापायचं असेल तर करायचं. फिल्म उजेडासमोर धरा, काळ्यातून बल्बचा उजेड झिरपत असेल तर शाई वाढवून परत काढा.

पाठवताना

एआय, ईपीएस किंवा एडिट होणारी पीडीएफ, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून, कारण सगळ्यांकडे नवीन सॉफ्टवेअर नसतं. लिंक केलेल्या इमेज एम्बेड करा, म्हणजे फाईलच्या आतच टाका. क्लिपिंग मास्कच्या आत लपलेला पसारा काढा. सोबत एक जेपीजी टीशर्टवर ठेवून दाखवलेला, म्हणजे जागा कळते, पण फक्त तोच पाठवू नका, तो बघायला असतो, छापायला नाही. चॅटवर फोटो म्हणून टाकलं की ॲप तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाईलच्या नावात काम, रुंदी आणि रंग किती ते लिहा, फायनल, फायनल २, फायनल खरंच फायनल असलं काही नको. मेसेजमध्ये कापडाचा रंग, छपाई कुठे आणि किती इंच, कॉलरपासून किती खाली, आणि शाईंची नावं. दुसऱ्याचा लोगो किंवा नेटवरून उचललेलं चित्र असेल तर परवानगी आहे का ते आधीच बघा, छापणारा विचारणारच.

मग तिकडून प्रूफ (छापण्याआधी ओके करायचा नमुना) येईल. ते फोनवर उभ्याउभ्या बघून अंगठा दाखवू नका. मोठ्या स्क्रीनवर उघडा, इंच मोजा, रंगांची नावं तुमच्या यादीशी जुळवा, आणि मजकूर उलटा वाचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत, कारण सरळ वाचताना डोळा चुकीचं अक्षर पण बरोबर वाचतो. फोन नंबर असेल तर तो लावून बघा, वाजला की मगच ओके कळवा.